अर्ध्या सेकंदाचा उशीर

मार्च २०२४ हा तंत्रज्ञानाच्या बातम्यांनी भरगच्च महिना होता. १८ तारखेला एनव्हिडियाने ब्लॅकवेल या नव्या चिपची घोषणा केली, २१ तारखेला अमेरिकेच्या न्याय खात्याने अ‍ॅपलवर मक्तेदारीचा खटला दाखल केला, आणि या दोन्ही बातम्यांवर ऑफिसातल्या जेवणाच्या टेबलापासून नातेवाइकांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपपर्यंत सगळीकडे हिरिरीने मते मांडली गेली. एनव्हिडियाचा शेअर घ्यावा की नाही, अ‍ॅपलचे वागणे योग्य की अयोग्य, याविषयी ज्याला-त्याला काहीतरी म्हणायचे होते. त्याच महिन्याच्या २९ तारखेला, गुड फ्रायडेच्या दिवशी, आंद्रेस फ्रॉइंड या अभियंत्याने सॉफ्टवेअर सुरक्षेसंबंधीच्या एका सार्वजनिक ई-मेल यादीवर लांबलचक पत्र टाकले. माझ्या मते त्या महिन्यातली सर्वांत मोठी बातमी ती होती, आणि माझ्या आसपासच्या चर्चांत ती जवळजवळ ऐकूच आली नाही. तंत्रज्ञानाविषयीची आपली रोजची मते बहुतेक कंपन्यांविषयीची असतात. या कंपन्यांची सॉफ्टवेअरे कशावर उभी आहेत, हे त्या पत्रात दिसत होते.

फ्रॉइंड मायक्रोसॉफ्टमध्ये नोकरी करतात आणि पोस्टग्रेस या डेटाबेसच्या प्रमुख विकसकांपैकी एक आहेत. डेबियन या लिनक्स संगणकप्रणालीच्या अजून पक्क्या न झालेल्या आवृत्तीवर ते वेगाची बारीक मोजमापे घेत होते. अशा वेळी संगणकावर दुसरे काहीही चालू नसावे लागते, पण दूरच्या संगणकात सुरक्षितपणे शिरण्यासाठी जगभर वापरली जाणारी एसएसएच ही सेवा प्रोसेसरचा बराच वेळ खात असल्याचे त्यांना दिसले. बाहेरून कोणीतरी खोटी नावे टाकून आत येण्याचे प्रयत्न करत होते. इंटरनेटवर असे प्रयत्न अखंड चालू असतात आणि ते क्षणार्धात फेटाळले जातात. येथे मात्र ते फेटाळायलाही वेळ लागत होता. मोजून पाहिले तर पूर्वी सुमारे ०.३ सेकंदात उरकणाऱ्या लॉगइनला आता ०.८ सेकंद लागत होते. बहुतेकांनी हा अर्धा सेकंद सोडून दिला असता. फ्रॉइंड यांना काही आठवड्यांपूर्वी पोस्टग्रेसच्या चाचण्यांत दिसलेली एक विचित्र सूचना आठवली, आणि दोन्ही गोष्टींचा माग काढत ते एक्सझेड युटिल्स या छोट्याशा सॉफ्टवेअरपर्यंत पोहोचले. आपण सुरक्षा-संशोधक नाही, हे त्यांनी पत्रात स्वतःच नमूद केले आहे.

एक्सझेडचे काम साधे आहे. ते फाइली दाबून लहान करते आणि पुन्हा उलगडते. एसएसएचशी त्याचा वास्तविक काही संबंध नाही. परंतु डेबियन, फेडोरा यांसारख्या लिनक्स वितरणांनी, म्हणजे लिनक्सच्या तयार जुळवलेल्या संचांनी, आपल्या सोयीसाठी एसएसएचला सिस्टमडी या संगणकावरच्या सेवा सांभाळणाऱ्या प्रणालीच्या एका लायब्ररीशी (इतर सॉफ्टवेअरांनी वापरायच्या तयार कोडशी) जोडले होते, आणि ती लायब्ररी एक्सझेडची लायब्ररी वापरत होती. या आडवाटेने एक्सझेडचा कोड थेट संगणकाच्या मुख्य दारापर्यंत पोहोचत होता. ५.६.० आणि ५.६.१ या दोन आवृत्त्यांमध्ये कोणीतरी चोरदरवाजा बसवला होता. तो उघड कोडमध्ये कोठेच नव्हता. चाचणीसाठी म्हणून ठेवलेल्या, मुद्दाम बिघडवलेल्या दिसणाऱ्या दाबलेल्या फाइलींत त्याचे भाग दडवलेले होते. आणि सॉफ्टवेअर बांधले जाताना ते भाग बाहेर काढून जोडणारी ओळ सार्वजनिक कोडसाठ्यात नव्हती, तर वितरणासाठी तयार केलेल्या गठ्ठ्यात तेवढी घुसडलेली होती. ज्याच्याकडे एक विशिष्ट गुप्त किल्ली असेल त्याला अशा संगणकावर हवी ती आज्ञा चालवता आली असती, आणि तीही कोणाला पत्ता लागू न देता. धोक्याच्या दहा गुणांच्या मोजपट्टीवर या त्रुटीला पूर्ण दहा गुण मिळाले. तोवर या आवृत्त्या डेबियन, फेडोरा, ओपनसुसे यांच्या चाचणीतल्या किंवा सतत बदलत्या वितरणांत शिरल्या होत्या. जगातले बहुसंख्य सर्व्हर ज्या स्थिर आवृत्त्यांवर चालतात, त्यांच्यात त्या पोहोचायच्या आत हे उघडकीस आले.

तांत्रिक करामत म्हणून हे सारे थक्क करणारे आहे, पण माझे मन त्याहून अधिक अडकले ते हा चोरदरवाजा बसवण्याची संधी कशी मिळवली गेली यात. एक्सझेडची देखभाल फिनलंडमधले लास्से कॉलिन अनेक वर्षे एकट्याने करत होते. २०२१ मध्ये ‘जिया तान’ या नावाने कोणीतरी छोट्या-छोट्या, उपयुक्त दुरुस्त्या पाठवू लागले. २०२२ च्या उन्हाळ्यात, पूर्वी कोणी कधी न ऐकलेल्या काही नावांनी कॉलिन यांच्यामागे तगादा लावला. काम फार हळू चालले आहे, दुरुस्त्या पडून आहेत, तुम्हाला जमत नसेल तर दुसऱ्या कोणाकडे सोपवा, असा त्या पत्रांचा सूर होता. ही नावे बनावट असावीत असे आता मानले जाते. कॉलिन यांनी जूनमध्ये दिलेले उत्तर आजही सार्वजनिक आहे. आपला रस संपलेला नाही, पण दीर्घकाळच्या मानसिक अस्वास्थ्यामुळे आणि इतर कारणांमुळे आपल्याला पुरेसे लक्ष देता येत नाही, असे त्यांनी त्यात प्रांजळपणे लिहिले आहे. आणि हे विनावेतन, छंद म्हणून चाललेले काम आहे याचीही आठवण करून दिली आहे. थकलेल्या माणसाला मदतीचा हात हवा होता आणि जिया तान हजर होता. पुढच्या वर्षभरात त्याच्याकडे नव्या आवृत्त्या प्रसिद्ध करण्याचा अधिकार आला, आणि फेब्रुवारी २०२४ मध्ये त्याने तो अधिकार चोरदरवाजा घुसवण्यासाठी वापरला. तो कोण होता, एकटा होता की एखाद्या देशाची यंत्रणा त्याच्या पाठीशी होती, याचा उलगडा झालेला नाही.

कॉलिन यांचे ते उत्तर मी अनेकदा वाचले आहे, आणि दर वेळी मला राग येतो तो जिया तान या नावामागे लपलेल्यांइतकाच त्या व्यवस्थेचाही, जिच्यात एक्सझेडसारखे सॉफ्टवेअर जगातल्या अगणित लिनक्स यंत्रांवर असते आणि ते सांभाळणारा माणूस एकटा असतो. त्या यंत्रांमधली कितीतरी यंत्रे अ‍ॅमेझॉन, गुगल आणि मायक्रोसॉफ्ट यांच्या डेटा सेंटरांत आहेत आणि तासाच्या भाड्याने दिली जातात. भाड्याचा हिशेब सेकंदावर होतो. ज्या कोडमुळे ते यंत्र चालते त्याच्या मेंटेनरला, म्हणजे तो सांभाळणाऱ्याला, मात्र त्यातला पैसाही पोहोचेल अशी सोय त्या हिशेबात नाही. परवान्यानुसार हे कायदेशीर आहे, कारण ओपन सोर्स म्हणजेच कोणालाही वापरण्याची मुभा. ती मुभा देणाऱ्यांनी आपल्या इच्छेने दिली आहे आणि ती काढून घ्यावी असे मला मुळीच वाटत नाही. प्रश्न एवढाच आहे की या मुभेवर ज्यांचा धंदा उभा राहिला त्यांच्यावर काही जबाबदारी येते की नाही. माझे मत आहे की येते, आणि ती ऐच्छिक दानधर्मासारखी नसून नियमित खर्चासारखी असायला हवी.

आपण मराठी वाचक या साखळीबाहेर आहोत, असे कोणाला वाटू शकेल. अ‍ॅण्ड्रॉइड फोनवर किंवा क्रोम आणि फायरफॉक्समध्ये आपण देवनागरी वाचतो, तेव्हा अक्षरांची जुळणी हार्फबझ नावाचे एक ओपन सोर्स सॉफ्टवेअर करते. ‘दर्या’मधला रफार वर जातो आणि ‘दऱ्या’मधला अर्धा र आडवा बसतो, पहिली वेलांटी उच्चाराच्या क्रमाने नंतर येऊनही अक्षराच्या आधी उमटते, हे सारे तेथे ठरते. बेहदाद एसफाहबोद यांनी हे काम कित्येक वर्षे चिकाटीने उभे केले. त्यातला बराच काळ ते रेड हॅट आणि गुगल यांसारख्या कंपन्यांत नोकरीला होते, म्हणजे या बाबतीत कंपन्यांनी काही भार उचलला. फोनमधली वेळ घ्या. जगातल्या सगळ्या वेळक्षेत्रांची एक सार्वजनिक नोंदवही आहे. कोणत्या देशाने घड्याळ कधी पुढे-मागे केले हे तिच्यात लिहिलेले असते, आणि जवळजवळ प्रत्येक फोन व संगणक ती वापरतो. दुसऱ्या महायुद्धात भारताचे घड्याळ काही काळ ग्रिनिचच्या साडेपाचऐवजी साडेसहा तास पुढे होते, हीसुद्धा नोंद तिच्यात आहे. तिची देखभाल लॉस एंजेलिसच्या कॅलिफोर्निया विद्यापीठातले पॉल एगर्ट यांच्याकडे वर्षानुवर्षे आहे. व्हॉट्सअ‍ॅपवरचे आपले निरोप फोनमध्ये ज्या डेटाबेसात साठतात तो एसक्यूलाइट हाही रिचर्ड हिप आणि त्यांचे मोजके सहकारी सांभाळतात. त्यांनी मात्र पुढे तो वापरणाऱ्या कंपन्यांचा एक वर्गणीदार संघ उभारला, आणि त्यामुळे २०५० पर्यंत देखभालीचे आश्वासन ते देऊ शकतात. पैशाची सोय झाली तर काय शक्य होते, हे या उदाहरणातून दिसते.

एरवी ही सोय अपघातानंतरच होते, आणि तीही थोडे दिवस. एप्रिल २०१४ मध्ये ओपनएसएसएलमध्ये हार्टब्लीड ही त्रुटी सापडली. इंटरनेटवरच्या फार मोठ्या भागाची गुप्तता ज्या सॉफ्टवेअरवर अवलंबून होती, त्याला वर्षाला जेमतेम २,००० डॉलर देणग्या मिळत होत्या आणि त्यावर पूर्णवेळ काम करणारा माणूस एक होता, हे तेव्हा जगाला कळले. त्याच महिन्यात लिनक्स फाउंडेशनने गुगल, फेसबुक, मायक्रोसॉफ्ट, अ‍ॅमेझॉन अशा कंपन्यांना एकत्र आणून निधी उभारला. प्रत्येकीने तीन वर्षे दरसाल किमान एक लाख डॉलर द्यायचे कबूल केले. त्यातून ओपनएसएसएल सावरले. पण डिसेंबर २०२१ मध्ये लॉगफोरजे या, सॉफ्टवेअरमधल्या घडामोडींची नोंद ठेवणाऱ्या लायब्ररीमधली त्रुटी बाहेर आली, तेव्हा पुन्हा तेच चित्र होते: मोजके स्वयंसेवक रात्रंदिवस दुरुस्त्या करत होते आणि जगभरच्या बँका, कंपन्या, सरकारे त्यांच्याकडे डोळे लावून बसली होती. जानेवारी २०२२ मध्ये व्हाइट हाउसने या प्रश्नावर मोठ्या कंपन्यांची बैठक बोलावली. एक्सझेडचा चोरदरवाजा बसवणारे त्या वेळी आपले काम करत होतेच.

त्याच जानेवारीतला एक प्रसंग मला फार बोलका वाटतो. स्वीडनचे डॅनिएल स्टेनबर्ग कर्ल या सॉफ्टवेअरचे कर्ते आहेत. इंटरनेटवरून माहिती आणण्याचे काम करणारा त्यांचा कोड फोन, टीव्ही, मोटारी अशा अब्जावधी उपकरणांत आहे. त्यांना एका बड्या कंपनीचे पत्र आले. लॉगफोरजेमुळे तुमच्या उत्पादनावर काय परिणाम झाला, तुम्ही काय उपाययोजना केली, याची उत्तरे २४ तासांत द्यावीत, असे त्यात फर्मावले होते. स्टेनबर्ग यांनी कंपनीचे नाव झाकून ते पत्र प्रसिद्ध केले, आणि आपल्याशी देखभालीचा करार केल्यास आनंदाने उत्तरे देऊ, असे कळवले. त्यावर कंपनीने त्यांना चुकीच्या नावाने संबोधून विचारले की आम्ही तुमचे ग्राहक नाही असे तुम्हाला म्हणायचे आहे का. मला यात उद्धटपणापेक्षा अज्ञान अधिक दिसते. त्या कंपनीतल्या ज्या कोणी ते पत्र धाडले त्याच्यासमोर पुरवठादारांची एक यादी असणार, आणि त्या यादीतले एक नाव प्रत्यक्षात पुरवठादार नसून फुकट काम देणारा माणूस आहे, हे त्याला सांगणारे कोणी नसणार.

मी सॉफ्टवेअरच्याच नोकरीत आहे आणि हे अज्ञान कसे तयार होते ते जवळून पाहतो. नव्या कामासाठी एखादी लायब्ररी निवडताना तिचा परवाना कोणता, वेग किती, किती लोक ती वापरतात, हे विचारले जाते. ती सांभाळते कोण, आणि त्या माणसाचे पोट कशावर चालते, हे विचारलेले मी क्वचितच ऐकले आहे. अलीकडे या कामाचा भार आणखी वाढला आहे. कृत्रिम बुद्धिमत्तेकडून लिहून घेतलेले, दिसायला भारदस्त पण आतून पोकळ असे त्रुटींचे अहवाल स्टेनबर्ग यांच्याकडे येऊ लागले, आणि २०२५ मध्ये त्यांनी त्याविषयी उघड नाराजी व्यक्त केली. असा प्रत्येक अहवाल खोटा ठरवायलाही माणसाचे तास जातात. त्याच वर्षी एक्सएमएल या प्रकारची माहिती वाचणाऱ्या लिबएक्सएमएलटू या लायब्ररीचे मेंटेनर निक वेलनहोफर यांनी जाहीर केले की सुरक्षाविषयक त्रुटींना यापुढे दुरुस्ती होईपर्यंत गुप्त ठेवण्याची वेगळी वागणूक मिळणार नाही. त्या इतर चुकांसारख्याच हाताळल्या जातील. ही लायब्ररी अ‍ॅपल, गुगल आणि मायक्रोसॉफ्ट वापरतात, आणि वेलनहोफर आठवड्याचे कित्येक तास विनामोबदला तिच्यावर घालवत होते. काही महिन्यांतच त्यांनी देखभाल सोडली. त्यांच्या निर्णयावर टीका झाली, परंतु मला तो पूर्णपणे रास्त वाटतो. ज्याला वेतन नाही त्याच्यावर मुदती लादण्याचा अधिकार कोणालाही नाही.

येथे दुसरी बाजूही मांडायला हवी. मोठ्या कंपन्या ओपन सोर्ससाठी काहीच करत नाहीत असे म्हणणे खोटे ठरेल. लिनक्सच्या गाभ्यातला बहुतांश कोड आज इंटेल, गुगल, रेड हॅट अशा कंपन्यांचे पगारी अभियंते लिहितात. फ्रॉइंड यांचा पगारही मायक्रोसॉफ्टच देते, आणि पोस्टग्रेसवर काम करण्यासाठी देते. तो वेळ त्यांना मिळाला नसता तर तो अर्धा सेकंद कदाचित कोणाच्या नजरेस आलाही नसता. अडचण अशी की हा पैसा जिथे कंपनीला नवे काही हवे असते तिथे जातो. जे सॉफ्टवेअर लिहून झाले आहे, नीट चालते आहे आणि कोणाच्या डोळ्यांत भरत नाही, त्याच्याकडे तो वळत नाही. एक्सझेड नेमके तसे होते.

धुळे-नाशिक भागात पांझरा, मोसम या नद्यांवर शेकडो वर्षे चालत आलेल्या फड पद्धतीत याचे उत्तर केव्हाच शोधले गेले होते, असे मला वाटते. बंधारा आणि पाट सगळ्यांचे असत, आणि म्हणून गाळ काढण्याची व डागडुजीची जबाबदारीही पाणी घेणाऱ्या सगळ्यांची असे. पाणी वाटणारा पाटकरी आणि पिके राखणारा जागल्या यांना ठरलेला मोबदला मिळे, आणि तो लाभ घेणारे शेतकरी देत. पाणी वाहते आहे तोवर पाटकऱ्याची आठवण कशाला ठेवायची, असा विचार तिथे चालला नसता. जर्मनीने २०२२ मध्ये सॉव्हरिन टेक फंड स्थापन करून सरकारी तिजोरीतून अशा पायाभूत सॉफ्टवेअरच्या देखभालीला पैसे देणे सुरू केले. कर्लसारख्या प्रकल्पांना त्याचा लाभ झाला आहे. युरोपीय संघाचा सायबर रेझिलियन्स अ‍ॅक्ट डिसेंबर २०२४ मध्ये अमलात आला. त्यातली मुख्य बंधने डिसेंबर २०२७ पासून लागू होतील, आणि त्यानंतर उत्पादन विकणाऱ्या कंपनीला आपण वापरलेल्या ओपन सोर्स घटकांच्या सुरक्षिततेची जबाबदारी झटकता येणार नाही. चूक कोणाच्या कोडमध्ये होती याहून ते उत्पादन विकून पैसे कोणी कमावले हे या कायद्यात महत्त्वाचे ठरते, आणि म्हणून मला तो योग्य दिशेचा वाटतो.

भारतातही काही हालचाल झाली आहे. शेअर दलालीतील झिरोधा या कंपनीने ऑक्टोबर २०२४ मध्ये ओपन सोर्स प्रकल्पांसाठी दरवर्षी दहा लाख डॉलरचा निधी जाहीर केला. त्याच महिन्यात सर्ट-इन या सरकारी संस्थेने सॉफ्टवेअरची घटकसूची कशी ठेवावी याची मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध केली, म्हणजे कोणत्या सॉफ्टवेअरात इतरांचे कोणकोणते कोड आहेत याची सविस्तर यादी. आपल्या देशाचा आयटी व्यवसाय मोठ्या प्रमाणावर ओपन सोर्सवर चालतो. पुणे आणि बेंगळुरूतल्या कार्यालयांतून जगभरच्या ग्राहकांसाठी जी कामे होतात, त्यांपैकी क्वचितच एखाद्यात हे फुकट मिळालेले कोड नसतील. त्या मानाने आपल्याकडून परत जाणारा पैसा आणि वेळ मला फार तोकडा वाटतो, आणि एवढ्या मोठ्या उद्योगाला हे शोभत नाही.

लास्से कॉलिन यांनी एक्सझेड सोडले नाही. चोरदरवाजा उघडकीस आला तेव्हा ते सुट्टीवर होते. परतल्यावर त्यांनी जिया तानचे काम तपासले, आणि मे २०२४ च्या अखेरीस ५.६.२ ही स्वच्छ आवृत्ती प्रसिद्ध केली. त्यांच्यासारख्यांच्या बाबतीत काय करता येईल, याविषयी माझी सूचना साधी आहे. घटकसूची आता ठेवायचीच आहे, तर तिच्यात आणखी दोन रकाने असावेत: हा घटक कोण सांभाळते, आणि या वर्षी आपण त्याला काय दिले, पैसा किंवा आपल्या अभियंत्यांचे तास. शेअर बाजारात नोंदलेल्या प्रत्येक आयटी कंपनीने निदान आपल्या पहिल्या शंभर घटकांपुरती ही माहिती वार्षिक अहवालात छापावी, आणि जिथे शून्य असेल तिथे शून्यच लिहावे. भागधारकांच्या सभेत नफ्याविषयी प्रश्न विचारले जातात, तसे त्या शून्यांविषयीही विचारले जावेत, आणि ज्यांच्याकडे या कंपन्यांचे शेअर आहेत अशा आपल्यापैकी कित्येकांना ते विचारता येतील.